जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुन्या घरांच्या मागील अंगणात, गोठ्याशेजारच्या पडवीत किंवा एखाद्या पत्र्याच्या छपरीखाली कधी कधी एक मोटार उभी असलेली दिसते. तिच्या चाकांतील हवा केव्हाच गेलेली असते व ती विटांवर टेकवून ठेवलेली असते. टपावर वाळलेला पाला, काचांवर धुळीचा जाड थर, मागच्या आसनात उंदरांनी केलेले घर आणि पुढच्या आसनावर एखाद्या कोंबडीने सांगितलेला हक्क, असा सारा थाट असतो. ‘आजोबांची मोटार’ एवढेच तिच्याविषयी घरातील मुलांना ठाऊक असते. भंगारवाला दोन-चार वर्षांनी येतो व लोखंडाच्या वजनावर तिची किंमत सांगून जातो. घरातील कोणीतरी ‘राहू द्या’ म्हणते आणि मोटार आणखी काही वर्षे तशीच उभी राहते.

असे एखादे घर आणि अशी एखादी मोटार आपण डोळ्यांपुढे आणू. मोटार आहे फियाट अकराशे. तिचा जन्म मुंबईचा. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली व पुढे कुर्ला येथे तिचा कारखाना चालू लागला. मोटारी आपल्या देशात तयार व्हाव्यात हा त्यांचा ध्यास होता. इटलीतील फियाट कंपनीच्या सहकार्याने १९५४ साली फियाट अकराशे ही मोटार या कारखान्यातून बाहेर पडू लागली. परंतु ती पाहण्यास वालचंद हिराचंद हयात नव्हते. आदल्याच वर्षी, १९५३ साली, त्यांचे निधन झाले होते. मोटारीचे गोलसर अंग आणि पुढे आलेले नाक पाहून लोक तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणू लागले. नाव ऐकण्यास बरे नाही. पण ते तिरस्काराने दिलेले नव्हते. गुबगुबीत मुलाला घरात ज्या मायेने टोपणनाव ठेवतात, त्याच जातीचे ते नाव होय. पुढे १९६४ साली निराळ्या अंगाची फियाट आली आणि १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने या पद्मिनीने मुंबईकरांची दीर्घकाळ सेवा केली व ऑक्टोबर २०२३ अखेर तिची टॅक्सी त्या शहरातून निवृत्त झाली.

आपल्या कल्पनेतील घरात आजोबा आहेत, आजी आहेत आणि दोन नातवंडे आहेत. थोरला नातू यंत्रविद्येचे शिक्षण घेत आहे आणि धाकटी नात सातवीत आहे. मोटार पुन्हा चालती करावी यावर सर्वांचे एकमत आहे. मतभेद आहे तो पुढेच. आजोबा म्हणतात, “ती होती तशी झाली पाहिजे. तिचा एक खिळाही बदलू नका.” नातू म्हणतो, “आजोबा, आजच्या रस्त्यावर ही चालायची कशी? नवे इंजिन घालू, नवे ब्रेक घालू, गार हवेचे यंत्र बसवू.” छपरीचे गॅरेज होण्यापूर्वीच तेथे वादाला आरंभ होतो.

हा वाद पोरकट नाही. जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जीर्ण झालेल्या वस्तूचा उद्धार करणे असा आहे. परंतु उद्धाराच्या नावाखाली मूळ वस्तूच नाहीशी झाल्याची उदाहरणे आपल्या गावोगावी दिसतात. शेकडो वर्षांच्या काळ्या पाषाणाच्या मंदिरावर झगझगीत तैलरंगाचे हात चढवले जातात, कोरीव खांबांवर गुळगुळीत फरशा बसवल्या जातात, आणि ज्या कारागिराने त्या दगडात वेल कोरली त्याच्या छिन्नीची खूण कायमची बुजून जाते. हेतू चांगला असतो, पैसाही पुष्कळ खर्च होतो. पण जे गेले ते परत येत नाही. याच्या उलट, छपरातून पाणी गळत असताना ‘जुने तेच राखा’ म्हणून कौलही न बदलणारा मनुष्य भिंतीसुद्धा गमावून बसतो. मग काय राखावे आणि काय बदलावे? या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्या एकेका भागापाशी थांबून शोधावे लागते.

कायद्यालाही हा प्रश्न पडलेला आहे. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी व चारचाकी वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात व त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी मोटार प्रदर्शनास, जुन्या गाड्यांच्या फेरीस, दुरुस्तीस किंवा पेट्रोल भरण्यास रस्त्यावर नेता येते. रोजच्या कामाकरिता मात्र नेता येत नाही. इंजिन बदलावयाचे झाल्यास परिवहन खात्याची परवानगी लागते ती वेगळीच. नातवाचे नवे इंजिन घातले, तर आजोबांच्या मोटारीचे ‘मूळ स्वरूप’ राहिले असे कोणी म्हणणार नाही.

काम सुरू होते ते मोटार विटांवरून उतरवण्यापासून. विटा बाहेरून कितीही भक्कम दिसल्या तरी भार पडल्यावर त्या एकाएकी फुटतात. नुसत्या जॅकवर उचललेली मोटारही केव्हा निसटेल याचा नेम नसतो. म्हणून तिच्याखाली पोलादी स्टँड दिल्यावाचून कोणीही तिच्या खाली शिरू नये, हा गॅरेजमधील पहिला नियम आहे. तो मोडणाऱ्यास दुसरा नियम शिकण्याची संधी मिळेलच असे नाही.

त्यानंतर मोटार उकलावी लागते. येथे घाई केलेली मोटार पुन्हा जुळत नाही. अनेक हौशी लोक उत्साहाच्या भरात एका आठवड्यात सारी गाडी खोलतात. नट आणि बोल्ट एका डब्यात टाकतात. आणि सहा महिन्यांनी तो डबा समोर घेऊन डोक्याला हात लावून बसतात. भंगारात जाणाऱ्या कित्येक जुन्या मोटारी गंजाने मेलेल्या नसतात; त्या अशाच एका डब्यात हरवलेल्या असतात. आपल्या घरातील नातीने मात्र पहिल्याच दिवशी दोनशे पानी वही घेतली आहे. भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, वहीत त्याचा क्रमांक, त्याच क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली लहान पिशवी, आणि पिशवीत त्या भागाचे सारे बोल्ट, अशी तिची पद्धत आहे. बोल्ट कोणत्या बाजूने घातला होता व त्याखाली किती चकत्या होत्या हेही ती लिहिते. थोरला भाऊ प्रथम हसतो. पण दाराची काच वरखाली करणारे यंत्र जोडताना त्याला तीच वही तीनदा मागावी लागते.

आता इंजिनाकडे वळू. त्यात चार नळकांडी म्हणजे सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६.८ सेंटिमीटर आहे आणि त्यातील दट्ट्या ७.५ सेंटिमीटर वरखाली सरकतो. वृत्तचितीचे घनफळ काढण्याची रीत ज्यांना येते त्यांनी हिशोब करून पाहावा. चारही नळकांड्यांची बेरीज सुमारे १,०८९ घनसेंटिमीटर येईल. ‘अकराशे’ हे नाव त्यावरूनच पडले आहे. पुढे पद्मिनीचे इंजिनही याच घराण्यातले व याच मापाचे होते. त्यामुळे इंजिनाचे कित्येक सुटे भाग आजही शोधल्यास मिळतात. डुक्कर फियाटच्या दारांच्या कड्या, तिच्या नाकावरची जाळी, तिची पुढची काच यांचे तसे नाही. त्यांच्यासाठी मुंबईच्या चोरबाजारापासून दूरच्या एखाद्या खेड्यातील बंद पडलेल्या दुसऱ्या फियाटपर्यंत पायपीट करावी लागते. म्हणूनच वाकलेली जाळी फेकून देण्यापेक्षा ती सरळ करण्यात चार दिवस गेले तरी ते सार्थकी लागतात.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनातील दट्ट्यांची कडी नळकांड्यांना गंजाने चिकटतात. अशा वेळी काही मंडळी मोटारीला ट्रॅक्टरचा दोर बांधून ओढतात व ‘धक्का बसला की चालू होईल’ म्हणतात. धक्का बसतो, पण तो त्या कड्यांना. ती मोडतात आणि नळकांड्यांवर ओरखडे उमटतात. शहाणा मिस्त्री ठिणगीचे प्लग काढून त्या छिद्रांतून पातळ तेल सोडतो व वाट पाहतो. आठ दिवसांनी तो इंजिनाच्या पुढच्या कप्पीला पाना लावून हलकेच हाताने जोर देतो. हलले नाही तर पुन्हा तेल आणि पुन्हा वाट. एखाद्या दिवशी पाना केसभर सरकतो. त्या केसभर सरकण्याचा आनंद काय असतो हे ज्याने तो अनुभवला त्यालाच कळेल. मग इंजिन उघडून झिजलेले भाग पाहावयाचे आणि जे काम घरी होण्यासारखे नाही, म्हणजे नळकांडी पुन्हा घासून गोल करणे इत्यादी, ते लेथवाल्या कारखान्यात द्यावयाचे.

इंजिनापेक्षाही मोठा शत्रू म्हणजे गंज. तो उघड्यावर हल्ला करीत नाही. रबरी चटईखाली, दाराच्या तळाशी, चाकाच्या कमानीत, जेथे पाणी साचून राहते व वारा लागत नाही, तेथे तो बसतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर त्याचे चांगलेच फावते. बाहेरून रंगाचा एक लहानसा फुगवटा दिसतो. त्यावर स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवले की ते आरपार जाते. पुष्कळ ठिकाणी अशा भोकांत रंगारी ज्याला लांबी म्हणतात ते लुकण भरतात, वरून रंग मारतात आणि मोटार चकाकू लागते. ही शुद्ध फसवणूक आहे. या फियाटला बैलगाडीच्या साट्यासारखा वेगळा सांगाडा नाही. तिचा पत्र्याचा सांधलेला देह हाच तिचा सांगाडा आहे. तेव्हा दाराखालचा पत्रा कुजला असेल तर तिचा कणाच कुजला आहे असे समजावे. कुजका भाग कापून तेथे नवा पत्रा वेल्डिंगने सांधण्यावाचून इलाज नाही. कापण्यापूर्वी मोटारीच्या देहाला आतून आधार द्यावा लागतो आणि दारांच्या चौकटींचे कर्ण मोजून वहीत लिहून ठेवावे लागतात. तसे न केल्यास मधला भाग गुंजभर खचतो, आणि सारे काम संपल्यावर दारे लागत नाहीत असे ध्यानात येते.

रंग घासताना एक गंमत दिसते. एकाच जागी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवला, तर झाडाच्या बुंध्यातील वलयांसारखी रंगांची वलये उमटतात. वर पांढरा, त्याखाली निळा, मग कोणी हौसेने मारलेला लाल आणि अगदी आत, पत्र्यालगतच्या अस्तरावर, एक फिकट हिरवा. आजोबा तो हिरवा पाहतात आणि काही वेळ बोलत नाहीत. त्यांच्या वडिलांनी मोटार आणली त्या दिवशीचा रंग त्यांना निळा आठवत होता. वस्तू पुष्कळदा माणसांपेक्षा अधिक चांगली साक्ष देतात, त्या अशा.

ब्रेकपाशी येऊन घरातला वाद पुन्हा उभा राहतो. पायाखालच्या पट्टीवर दाब दिला की मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चारही चाकांकडे ढकलले जाते. द्रवाला दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम शाळेत शिकवला जातो. मोटारीचा ब्रेक हे त्याचेच उदाहरण. परंतु त्या काळच्या मोटारींत ही सारी व्यवस्था एकाच तेलाच्या फेऱ्यावर चाले. एका चाकाजवळची नळी फुटली की सारे तेल तेथून निघून जाई आणि चारही चाकांचे ब्रेक एकाच वेळी निकामी होत. बोरघाट उतरताना असे झाले तर काय होईल हे सांगावयास नको. पुढे जे दुहेरी मास्टर सिलिंडर आले त्यात तेलाचे दोन स्वतंत्र फेरे असतात. एक गेला तरी दुसरा दोन चाके धरून ठेवतो.

आजोबा म्हणतात, “आम्ही याच ब्रेकवर पुण्याहून मुंबईला कितीदा गेलो.”

नातू उत्तर देत नाही. तो जुना मास्टर सिलिंडर उघडून त्यांच्या हातात देतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, व त्या ओलाव्याने आतल्या गुळगुळीत भिंतीला गंजाच्या देवी काढलेल्या असतात. आजोबा त्यावरून बोट फिरवतात. “दुहेरी घाल,” ते म्हणतात. “पण हा फेकू नकोस.” तो जुना सिलिंडर पुसून, वंगण लावून, फडक्यात गुंडाळून एका पत्र्याच्या पेटीत ठेवला जातो आणि वहीत त्याची नोंद होते. पुढे केव्हा कोणाला ही मोटार जशीच्या तशी करावीशी वाटली, तर तो वाट अडवणार नाही. नवा सिलिंडर बसवताना मोटारीच्या पत्र्याला एकही नवे भोक पाडलेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. याच कामात एक दक्षता घ्यावी लागते. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात गेल्यास असाध्य रोग जडतात. म्हणून ती फुंकून किंवा झटकून काढू नये, ओल्या फडक्याने टिपावी, व मुलांनी तर त्या वेळी तेथे थांबूच नये.

पेट्रोलाच्या नळ्यांबाबत वादाला जागाच नाही. आज आपल्या देशात मिळणाऱ्या पेट्रोलात सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. ते उसाच्या मळीपासून, रसापासून व धान्यापासूनही तयार होते, आणि महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. ही मोटार अशा पेट्रोलासाठी घडवलेली नव्हती. इथेनॉलाने जुने रबर फुगते व भेगाळते, आणि ते पाणी ओढून घेत असल्यामुळे पेट्रोलची टाकी आतून गंजते. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल गळणे म्हणजे आगीला आमंत्रण. तेव्हा सर्व नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या. कापडाचे वेष्टण असलेल्या विजेच्या तारांचेही तेच. हात लावताच ज्यांचा भुगा होतो त्या राखून काय करावयाचे? डायनॅमो मात्र राहतो. इंजिन सावकाश चालत असता त्याच्याने दिवे मंद होतात हे खरे. पण रात्रीचा प्रवास करावयाचाच नाही असे ठरल्यावर ती अडचण उरत नाही. गार हवेच्या यंत्राची गोष्ट नातू पुन्हा काढत नाही.

आसनपट्टे या मोटारीत नव्हते. आज सर्वत्र दिसणारा, खांद्यावरून व कमरेवरून जाणारा पट्टा व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन या अभियंत्याने १९५९ साली सिद्ध केला. पट्टे बसवण्याचे ठरते. पण त्यातही विचार लागतो. पत्र्याला नुसते छिद्र पाडून बोल्ट अडकवला, तर धक्क्याच्या वेळी तो पत्रा फाडून बाहेर येईल. म्हणून आतून जाड पोलादी पट्टी सांधून मगच पट्टा बसवला जातो. येथे पत्र्याला छिद्र पाडावेच लागते, आणि आजोबा ते पाहताना तोंड फिरवतात.

शेवटी राहतात ती दारे. या जुन्या फियाटची पुढची दारे आजच्या मोटारींच्या उलट उघडतात; त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस, मधल्या खांबावर आहेत. त्यामुळे आत बसणे फार सोपे जाते. परंतु मोटार चालत असताना अशा दाराची कडी निसटली, तर समोरचा वारा दार फाडकन उघडतो. पुढे मोटारींतून ही पद्धत गेली ती उगीच नव्हे. सुरक्षिततेचा आग्रह धरणारा नातू आता काय करणार, याकडे सगळ्यांचे लक्ष लागलेले असते. बिजागऱ्या पुढे न्यावयाच्या तर खांब कापावे लागतील, दारे नवी घडवावी लागतील. आणि मग जी मोटार उरेल ती कोणतीही असेल, डुक्कर फियाट नसेल. नातू दोन दिवस दारांपाशी बसून राहतो. तिसऱ्या दिवशी तो दोन्ही कड्या सोडवतो, झिजलेले दात वेल्डिंगने भरून कानशीने पुन्हा आकारास आणतो, आणि आतल्या बाजूस एक लहान पितळी अडसर बसवतो. तो बाहेरून दिसत नाही, दोन स्क्रू काढले की सुटतो, आणि अपघात झालाच तर बाहेरच्या माणसाला काचेतून हात घालून सरकवता येतो. दारे उलटीच राहतात. हे काम त्याच्या वहीतील कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा अवघड होते असे तो स्वतःच म्हणतो.

फिकट हिरवी मोटार छपरीबाहेर येते त्या दिवशी नातू प्रथम एकटाच ती गल्लीच्या टोकापर्यंत नेतो. दहा पावलांवर ब्रेक, वीस पावलांवर ब्रेक, पुन्हा मागे. ब्रेकच्या नळ्यांच्या सांध्यांवर बोट फिरवून तेल लागते का ते पाहतो. मग आजी येतात. उलट्या दारातून त्या आधी आसनावर टेकतात आणि मागून पाय आत घेतात. इतक्या वर्षांनीही ही सवय त्यांना विसरलेली नाही. आजोबा मागे बसतात. नात वही मांडीवर घेऊन त्यांच्या शेजारी बसणार, तोच तिला काही आठवते. ती पुन्हा खाली उतरते, आजींच्या दाराची कडी खट्ट झाली आहे ना हे पाहते, दार बाहेरून दोनदा ओढून बघते आणि आतला अडसर सरकवा असे त्यांना खुणेने सांगते. मग मोटार निघते.